वारा कुठल्या दिशेला आहे?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मखरात गणराय बसलेले, बाहेर मुलांच्या स्पर्धा चाललेल्या, आणि आज आपण बोलणार विषवायूंवर आणि रोगजंतूंवर. काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पण सार्वजनिक उत्सवाची प्रथा पडली तेव्हापासून मांडवात आरतीइतकाच व्याख्यानालाही मान आहे, आणि घरात बोलायला जड वाटणारे विषय मांडवात चारचौघांसमोर बोलायचे ही आपली जुनी रीत आहे. शिवाय २०२५ साली हा विषय आपल्या दारातून गेला.

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळहून बारा कंटेनर निघाले. त्यांत युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा होता. सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापून तो पीथमपूरला आला. ३ तारखेला पीथमपूर बंद होते, दगडफेक झाली, दोघांनी अंगावर पेट्रोलजन्य पदार्थ ओतून घेतला आणि ते भाजले. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, आणि जून संपेपर्यंत उरलेला कचराही भट्टीत जाळून झाला. त्यानंतर त्याच्या राखेचा प्रश्न उरला.

त्या दिवसांत आपल्या घरांतून काय बोलणे चालले होते ते आठवा. पीथमपूरच्या कारखान्यांत रोज जाणारी मुले आणि जावई आपल्यापैकी पुष्कळ घरांत आहेत. कोणी म्हणे, पुन्हा भोपाळ होणार. कोणी म्हणे, काही होत नाही, सगळे राजकारण आहे. तिकडचे पाणी यशवंत सागरात उतरले तर इंदूरने काय प्यायचे, असेही विचारले गेले. इथल्या मेडिकल कॉलेजच्या माजी विद्यार्थी डॉक्टरांची संघटना उच्च न्यायालयात गेली. त्या कचऱ्यात वायू नव्हता. माती, रिअ‍ॅक्टरमधला गाळ, कीटकनाशकाचे आणि नॅप्थॉलचे अवशेष होते. ही साधी माहितीही बहुतेकांच्या कानावर कंटेनर येऊन उभे राहिल्यावर पडली. भीती आधी आली, माहिती मागून आली. आजचे आमचे सगळे बोलणे या एका गोष्टीभोवती आहे.

रासायनिक आणि जैविक हल्ल्यापासून संरक्षण हा शब्द ऐकला की मुखवटा घातलेला सैनिक डोळ्यांसमोर येतो. हे काम देशात कुठे चालते? आपल्याच राज्यात, ग्वाल्हेरला. होळकर-शिंद्यांचे जुने हिशेब क्षणभर बाजूला ठेवू या, कारण याचे मूळ शिंद्यांच्या एका चांगल्या कामात आहे. १९४७ साली जिवाजीराव शिंद्यांच्या नावाने तिथे औद्योगिक संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे ती संरक्षण खात्याकडे गेली, आणि १९७३ पासून ती डीआरडीई, म्हणजे डिफेन्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट, या नावाने ओळखली जाते. विषारी वायू ओळखणारे कागद, पाण्यातले विष तपासण्याची पेटी, मुखवट्याचे गाळणीडबे, संरक्षक पोशाख, अंगावरचे विष उतरवणारी रसायने ही तिथली कामे. डास पळवणारे डेपा नावाचे औषधही त्यांचेच. मस्टर्ड वायूवर उतारा म्हणून त्यांनी अभ्यासलेल्या एका संयुगाला तर प्रयोगशाळेचेच नाव आहे, डीआरडीई-०७. सैन्यातल्या लोकांना या विषयाचे शिक्षण पुण्यात, दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळते.

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी सुमारे दीडशे टन क्लोरीन वाऱ्यावर सोडला. पाणी शुद्ध करायला वापरतात तोच हा क्लोरीन. चार दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन त्याच रणांगणावर उतरली. त्या वेळी मुखवटे नव्हतेच. ओल्या फडक्याने नाक-तोंड झाकायचे, एवढाच उपाय. वायूचा त्रास होत असताना जमादार मीर दस्त यांनी आठ जखमी अधिकाऱ्यांना गोळीबारातून बाहेर काढण्यास मदत केली, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरी गोष्ट कडू आहे. पुढच्या काळात, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि युद्धाच्या वर्षांत, ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीला हिंदी शिपायांना वायूच्या कोठड्यांत पाठवून मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. कित्येकांची कातडी भाजली. संरक्षणाचे संशोधन माणसासाठी असते, हे विसरले की संशोधनच अत्याचार होते.

आपल्या देशानेही एक गोष्ट कबूल केली आहे. रासायनिक शस्त्रांवर बंदी घालणारा जागतिक करार १९९७ साली लागू झाला, तेव्हा आपल्याकडे १,०४४ टन मस्टर्ड असल्याचे भारताने जाहीर केले आणि २००९ पर्यंत तो सगळा साठा नष्ट केला. जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा करार त्याआधी, १९७५ सालीच लागू झाला होता. आता हे संशोधन करायचे ते फक्त बचावासाठी. पण करार झाला म्हणून धोका संपला नाही. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी सरीन सोडला. हजारो लोक रुग्णालयांत गेले आणि त्यांच्या कपड्यांतल्या वाफेने तपासणारे डॉक्टर-नर्सही आजारी पडले. कपडे आधी उतरवायचे, हे त्या घाईत राहून गेले होते.

आता या क्षेत्राच्या गरजा काय आहेत, ते एकेक करून पाहू.

पहिली गरज ओळखण्याची. हवेत काहीतरी आहे हे कळणे आणि नेमके काय आहे हे कळणे यांत मोठे अंतर आहे. रंग बदलणारा कागद थेंब ओळखतो, पण वाफ ओळखायला उपकरण लागते. आपल्याकडची धूळ, डिझेलचा धूर, मे महिन्यातला उन्हाळा या सगळ्यांत ते खोटी हाक न देता चालले पाहिजे. दोन-चारदा विनाकारण भोंगा वाजला की पाचव्यांदा कोणी लक्ष देत नाही. हे सैन्याला जितके लागू, तितकेच कारखान्याला.

दुसरी गरज अंगावरच्या कवचाची. आपण गणपतीपुढे नारळ फोडतो. त्याच्या करवंटीपासून जो सक्रिय कोळसा बनतो, त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. विषारी वाफ त्यात अडकते. मुखवट्याच्या डब्यात तो असतो आणि पोशाखाच्या अस्तरातही. पण असा पोशाख चढवला की घाम बाहेर पडायला वाट कमी. राजस्थानच्या वाळवंटात जूनमध्ये जवान तो घालून किती वेळ काम करणार? विष आत येऊ न देणारे आणि घाम बाहेर जाऊ देणारे हलके कापड बनवणे, हा जगभरच्या प्रयोगशाळांपुढचा प्रश्न आहे. आपल्या हवामानात तो अधिक तातडीचा आहे. याचा फायदा फक्त सैन्याला नाही. करोनाच्या पहिल्या आठवड्यांत डॉक्टरांच्या पीपीई पोशाखांची तपासणी ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यांत ग्वाल्हेर होते. त्या एप्रिलमध्ये इंदूरची काय अवस्था होती, हे इथे कोणाला सांगायला नको.

तिसरी गरज उपचाराची. इथे आपल्याला थेट विदर्भात जावे लागेल. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडे मारण्याचे औषध शोधत होता. हाती आला टाबुन, मज्जासंस्था बंद पाडणारा पहिला युद्धवायू. म्हणजे आपल्या शेतातली ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशके आणि सरीन-टाबुन ही एकाच कुळातली भावंडे. दोन्ही शरीरातले एकच एन्झाइम अडवतात, मग स्नायू आखडतात, तोंडाला फेस येतो, श्वास थांबतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता. या कुळातल्या विषावरचा उतारा तोच, अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम. सैनिकाच्या खिशात ती सुई असते, कपड्यांवरूनच मांडीत टोचता येते अशी. ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आणि ती वापरू जाणणाऱ्या हातापर्यंत पोचणे, हीसुद्धा संरक्षण संशोधनाचीच पुढची पायरी मानायला हवी.

चौथी गरज रोगजंतूंच्या बाबतीतली. वायू लगेच झोंबतो. जंतू काही दिवस गप्प बसतो, आणि तोवर माणूस तीन गावे फिरून येतो. त्यामुळे इथे पहिला पहारेकरी साधा डॉक्टर असतो. एकाच आठवड्यात एकसारखे पाच रुग्ण आले, हे ज्याच्या लक्षात येते तो. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि मग सुरतेत प्लेग आला, तेव्हा सुरत सोडून लाखो लोक पळाले. हा प्लेगच आहे की दुसरे काही, यावर देशात बराच काळ वाद झाला. त्या नमुन्यांतले जंतू वेगळे करून ओळख पटवण्याच्या कामात ग्वाल्हेरचे शास्त्रज्ञ होते. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरू लागल्या. भारतातला तो पहिला बर्ड फ्लू. त्याचे निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने केले. निदान झाल्यावर लगेच कोंबड्या नष्ट करण्याची मोहीम निघाली आणि आजार माणसांत आला नाही. हा रोग आपोआप आला की कोणी मुद्दाम पसरवला, हा प्रश्न नंतरचा. दोन्ही वेळी यंत्रणा तीच लागते.

ओळख, कवच, उपचार, निदान. या चारांसाठी शास्त्रज्ञ लागतात, पैसा लागतो, वर्षे लागतात. पाचवी गरज मात्र अशी आहे की तिला प्रयोगशाळा लागत नाही आणि तरी तीच सर्वांत जास्त राहून जाते. ती म्हणजे लोकांना सांगणे.

भोपाळ इथून दोनशे किलोमीटरही नाही. १९८४ च्या डिसेंबरची ती २ आणि ३ तारखेमधली रात्र. टाकी क्रमांक ६१० मध्ये पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट तापून बाहेर पडले. शीतकरण यंत्रणा बंद होती, वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीला काढलेला होता. हे सगळे आपण वाचले आहे. पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. झोपेतून उठलेले लोक दारे उघडून धावत सुटले, कित्येक जण वायू जात होता त्याच बाजूला. तो वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारा. म्हणून लहान मुले आधी सापडली. हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना हा कोणता वायू आणि त्यावर काय करायचे, हे त्या रात्री कोणी नीट सांगितले नाही. तोंडावर ओले फडके धरा आणि वाऱ्याला आडवे चाला, एवढी दोन वाक्ये त्या वस्त्यांना आधी ठाऊक असती तर कितीतरी माणसे वाचली असती. ईप्रच्या खंदकात १९१५ साली शिपायाला जे कळले होते, ते १९८४ साली भोपाळच्या आईला कोणी सांगितले नव्हते.

पंधरवड्याने, १६ डिसेंबरला, उरलेला वायू कीटकनाशकात रूपांतरित करून संपवण्याची मोहीम झाली. या वेळी सरकारने आधी जाहीर केले, हेलिकॉप्टरमधून पाणी शिंपडले, शास्त्रज्ञ स्वतः हजर राहिले. मोहिमेचे नाव होते ऑपरेशन फेथ, म्हणजे विश्वास. तरी त्याआधीच लाखो लोक शहर सोडून गेले होते. एकदा न सांगता मरू दिले की नंतर सांगितलेले खरे वाटत नाही. चाळीस वर्षांनी पीथमपूरच्या रस्त्यावर जे दिसले, ते तेच. तिथल्या लोकांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांना आधी विश्वासात घेणे हे काम होते.

आणि असे काम होऊ शकते, याचा दाखला बाहेर शोधायला नको. तो या इंदूरचाच आहे. १९१७ साली पॅट्रिक गेडेस नावाचे स्कॉटिश नगरशास्त्रज्ञ होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इथे आले. तिसऱ्या तुकोजीरावांचा तो काळ, आणि शहरात प्लेग. हातात नकाशे घेऊन गल्लोगल्ली फिरणारा हा दाढीवाला गोरा लोकांना घरे पाडणारा आणि प्लेग आणणारा वाटू लागला. उंदरांवरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे शास्त्राला एव्हाना कळले होते, पण ते राजवाड्यामागच्या गल्लीत कळायला हवे होते. गेडेस यांनी फतवे काढले नाहीत. त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढायचे ठरवले, आणि जाहीर केले की जो भाग सर्वांत स्वच्छ आणि नीटनेटका असेल, तिथून मिरवणूक जाईल. लोकांनी घरे झाडली, डागडुजी केली, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर पडल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि पांढरे स्वच्छ कपडे घातलेले, गळ्यात हार असलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. शेवटी राक्षसाला आणि उंदराला आग लावली. गेडेस यांचा इंदूरवरचा मोठा अहवाल १९१८ साली दोन भागांत छापला गेला. आज आपण स्वच्छतेच्या पहिल्या क्रमांकाचा अभिमान बाळगतो, त्याची एक मुळी तिथवर जाते.

जैविक संरक्षण याहून वेगळे काय असते? शास्त्राला जे ठाऊक आहे ते लोकांच्या भाषेत, लोकांच्या सणात, लोकांचा मान ठेवून सांगणे. त्यात प्रयोगशाळेचे महत्त्व कमी होत नाही. प्रयोगशाळेचे काम तिथे पुरे होते.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली, इंदूरमध्येही काही मिनिटे दिवे मालवले. चांगले झाले. पण दिवे मालवणे हा बॉम्बवरचा उपाय. वायूवरचा उपाय वेगळा आहे, आणि तो आपल्या आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना पाठ हवा. पाच गोष्टी आहेत. आधी वारा पाहा. मांडवावरची पताका कुठे फडकते ते पाहिले तरी पुरे. वाऱ्याला आडवे निघा, वायूच्या सोबत पळू नका. निघता येत नसेल तर दारे-खिडक्या बंद करून फटींना ओली फडकी लावा आणि वरच्या मजल्यावर जा, कारण बहुतेक विषारी वायू खाली बसतात. नाकातोंडावर ओले कापड धरा, डोळे भरपूर पाण्याने धुवा. आणि बाधा झालेल्याला दवाखान्यात नेण्याआधी वरचे कपडे उतरवा. टोकियोचा धडा हाच.

दुसरे काम मंडळांचे. भोपाळनंतर कायदे झाले. धोकादायक रसायने वापरणाऱ्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोक्याची आणि बचावाची माहिती द्यावी, जिल्हा प्रशासनाने कारखान्याबाहेरची आपत्कालीन योजना तयार ठेवावी, हे १९८९ च्या नियमांत आहे. १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमायला सांगितले. ही माहिती मागणे हा आपला हक्क आहे. या उत्सवाच्या निमित्ताने आपल्या मंडळाने इंदूर आणि धार या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाला पत्र लिहून एवढेच विचारावे: पीथमपूरच्या योजनेत आमच्या वस्त्यांसाठी काय सांगितले आहे? भोंगा वाजला तर त्याचा अर्थ काय? कोणत्या रुग्णालयात कोणता उतारा ठेवला आहे? आणि उरलेल्या राखेवर कोण, कसे लक्ष ठेवणार? उत्तर आले तर ते पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत छापू. न आले तर तेही छापू.

तिसरे आपल्या मुलांसाठी. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुले आपल्या घरांत आहेत. त्यांना पुणे-बंगळुरूच्या कंपन्या ठाऊक आहेत. ग्वाल्हेरची प्रयोगशाळा, भोपाळची पशुरोग संस्था, पुण्याची विषाणू संस्था हीही नावे त्यांच्या कानावर घाला. तिथले काम फार कोणाला दिसत नाही, पण ते कामाला येते तेव्हा गावेच्या गावे वाचतात.

विघ्नहर्त्याकडे आपण विघ्न टळावे म्हणून हात जोडतो. ते जोडावेतच. पण गेडेस यांच्या मिरवणुकीआधी इंदूरकरांनी हातात झाडूही घेतला होता, हे आपल्याच गावाने दाखवून दिले आहे. पुढच्या वेळी कंटेनर येवोत, भोंगा वाजो की साथ येवो, माहिती भीतीच्या आधी पोचली पाहिजे. ती पोचवणाऱ्यांत आपले मंडळ असावे, एवढीच गजाननाचरणी प्रार्थना.

 गणपती बाप्पा मोरया!